पत्ता नको, नाव सांगा

लिनक्सवर बॅश स्क्रिप्ट लिहिताना पहिली ओळ आपण सवयीने उतरवतो:

#!/बिन/बॅश

(छपाईसाठी ओळी देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप कराव्यात.)

या ओळीला शिबँग म्हणतात. १९८० मध्ये बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी युनिक्सच्या कर्नलमध्ये ही सोय आणली. इथे कर्नल म्हणजे आपले प्राचार्य साहेब नव्हेत, तर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा! स्क्रिप्ट चालवायला घेतली की तो पहिली दोन चिन्हे पाहतो. ती #! असतील तर पुढच्या पत्त्यावर जातो आणि तिथल्या इंटरप्रिटरच्या हाती फाइल देतो. पत्त्यावर कोणी नसेल तर शोधाशोध न करता परत येतो.

अडचण अशी की सगळ्यांचा पत्ता एक नाही. लिनक्सवर बॅश सहसा /बिन मध्ये असतो, पण फ्रीबीएसडीवर तो वेगळा बसवावा लागतो आणि /यूएसआर/लोकल/बिन मध्ये जातो. मॅकवर /बिन/बॅश असतो, पण ३.२ ही जुनी आवृत्ती. नवी आवृत्ती होमब्रूने बसवली तर तिचा पत्ता निराळा.

आमच्या क्लबला हे क्रॉस कंट्रीच्या दिवशी कळले. हाऊसचे गुण मोजणारी जुनी स्क्रिप्ट लॅबमध्ये नीट चालायची. त्या दिवशी लॅबची वीज गेली, म्हणून ती फ्रीबीएसडीच्या सर्व्हरवर नेली. ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर आले. फाइल तर समोर होती! नव्हता तो /बिन मधला बॅश. रोल कॉलला निकाल वाचायचा होता आणि दोन हाऊसमध्ये एका गुणाचा फरक होता. एक ओळ बदलली आणि काम झाले:

#!/यूएसआर/बिन/एन्व्ह बॅश

गार्डला ‘खोली नंबर चारमध्ये जा’ न सांगता ‘ड्यूटी ऑफिसरला कळव’ सांगावे, तसे हे आहे. एन्व्ह हा छोटा प्रोग्राम लिनक्स, मॅक, फ्रीबीएसडी सगळीकडे याच जागी सापडतो. तो ‘पाथ’ या यादीतल्या फोल्डरांत क्रमाने बॅश शोधतो आणि जो पहिला भेटेल त्याला कामाला लावतो.

तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. लिनक्सवर ‘एन्व्ह बॅश -एक्स’ लिहिले तर ‘बॅश -एक्स’ हे सगळे एकच नाव समजले जाते आणि तसा प्रोग्राम सापडत नाही. पर्याय द्यायचा असेल तर पुढच्या ओळीत ‘सेट -एक्स’ लिहा.

२. विंडोजवर लिहिलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह जादा असते. ते नावाला चिकटते आणि पुन्हा तीच ‘फाइल नाही’ची तक्रार येते. ओळींचे शेवट युनिक्स पद्धतीचे करून घ्या.

३. पाथ बदलला की इंटरप्रिटरही बदलू शकतो. ड्यूटी ऑफिसर कोण, हे रोस्टर लिहिणारा ठरवतो! म्हणून रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, त्या यंत्रावरचा पक्का पत्ताच बरा.

स्क्रिप्टमध्ये बॅशचे खास काही वापरलेच नसेल, तर #!/बिन/एसएच पुरते. ते या सर्व ठिकाणी असते.

पुढच्या क्लब तासाला ‘टाइप -ए बॅश’ ही आज्ञा देऊन पाहा. तुमच्या पाथमध्ये किती ठिकाणी बॅश सापडतो आणि रांगेत पहिला कोण उभा आहे, ते लगेच दिसेल.