वजन आणि मेद

(वरच्या वर्गांतील आरोग्य व सामान्य विज्ञान या विषयांसाठी शिक्षकोपयोगी पाठ)

पाठाचा हेतू

शाळेत आरोग्यतपासणीचा दिवस आला की मुले एकामागून एक वजनकाट्यावर उभी राहतात आणि शिक्षक आकडे पत्रकात भरतात. आकडा वाढला की समाधान वाटते, फार वाढला की हसू उमटते आणि घटला की चिंता वाटते. परंतु हा आकडा नेमका कशाचा, याचा विचार आपण क्वचितच करतो. वजन हे शरीराचे एक माप आहे. ते आरोग्याचे माप असेलच असे नाही. हा भेद शिक्षकांस प्रथम स्वतःला स्पष्ट व्हावा व मग तो सोप्या रीतीने विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावा, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

तराजू काय सांगतो?

तराजूला हाड, स्नायू, रक्त, पाणी आणि मेद यांतला फरक कळत नाही. धान्याचे पोते तोलले असता त्यात दाणे किती व खडे किती हे जसे कळत नाही, तसेच हे आहे. फळ्यावर पुढील उदाहरण मांडावे. दोन प्रौढ पुरुष आहेत. दोघांची उंची १६० सेंटिमीटर व वजन ६० किलो. एक दिवसभर शेतात राबतो, दुसरा दिवसभर गादीवर बसून हिशेब लिहितो. पहिल्याच्या शरीरात मेद शेकडा १५ व दुसऱ्याच्या शरीरात शेकडा ३० आहे असे धरू. मुलांनी शेकडेवारीने उत्तर काढावे: पहिल्याच्या अंगात मेद ९ किलो, तर दुसऱ्याच्या अंगात १८ किलो. म्हणजेच पहिल्याजवळ स्नायू, हाडे इत्यादी मिळून ५१ किलो आहेत आणि दुसऱ्याजवळ अवघे ४२ किलो. काट्यावर दोघे सारखे. काम करण्याच्या व रोगाशी झुंजण्याच्या शक्तीत मात्र सारखे नव्हेत.

मेद हा शत्रू नव्हे

येथे एक गैरसमज टाळावा. मेद शरीराला आवश्यक आहे. तो अडीअडचणीच्या काळासाठी साठवलेली शिदोरी आहे. तो इंद्रियांना धक्क्यापासून जपतो व शरीराची ऊब राखतो. स्त्रियांच्या शरीरात मातृत्वाच्या दृष्टीने निसर्गतःच मेदाचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक असते. प्रौढ पुरुषात शेकडा २५ हून व प्रौढ स्त्रीत शेकडा ३० हून अधिक मेद हा अतिरिक्त समजण्याची रीत अनेक अभ्यासकांत आहे. दोष मेदाचा नाही, त्याच्या अतिरेकाचा आणि त्याच्या अयोग्य जागेचा आहे.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

साहित्य : एक काचेचा पेला, पाणी, थोडे गोडेतेल, लहान मापटे, तराजू.

कृती : पेल्यातील पाण्यावर तेल ओतावे. तेल वर तरंगते. नंतर एकाच मापट्याने पाणी व तेल वेगवेगळे तोलावे. माप सारखे असूनही तेल हलके भरते.

अनुमान : एक लिटर पाण्याचे वजन १००० ग्रॅम. तितक्याच जागेतील शरीरातील मेदाचे वजन सुमारे ९०० ग्रॅम, तर मेदाखेरीज उरलेल्या शरीराचे सुमारे ११०० ग्रॅम भरते. म्हणून मेद हलका, पण जागा अधिक व्यापणारा आहे. विहिरीत पोहताना काही माणसे अनायासे तरंगतात व काही काटक मुले चटकन खाली जातात, हे विद्यार्थ्यांनी पाहिलेले असतेच. त्यामागील एक कारण त्यांच्याकडूनच काढून घ्यावे.

थोडा इतिहास

बेल्जियममधील गणिती केतले यांनी १८३० नंतरच्या दशकात असे दाखविले की प्रौढांचे वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यावरून किलोमधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून मिळणारा अंक रूढ झाला. १९७२ मध्ये अमेरिकेतील अॅन्सेल कीज यांनी त्यास आज प्रचलित असलेले ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. केतले यांना समाजातील सरासरी माणसाचा शोध घ्यावयाचा होता. एकेका व्यक्तीचे आरोग्य पारखण्यासाठी त्यांनी हा अंक काढला नव्हता.

या मापाची मर्यादा एका प्रसंगाने उघड झाली. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलातील डॉक्टर बेन्के व त्यांचे सहकारी यांनी २५ व्यावसायिक फुटबॉलपटूंची तपासणी प्रसिद्ध केली. उंची व वजनाच्या तक्त्याप्रमाणे त्यांपैकी १७ जण अतिवजनामुळे सैन्यास अपात्र ठरत होते. पाण्यात बुडवून वजन घेतले, तेव्हा त्यांतील बहुतेकांच्या शरीराची घनता अधिक, म्हणजेच मेद कमी असल्याचे दिसले. त्यांचे वजन स्नायूंचे होते. युक्ती आर्किमिडीजचीच होती. पुढे १९६१ मध्ये सिरी यांनी हिशेबाचे सूत्र दिले: ४९५ या संख्येस शरीराच्या घनतेने भागावे व भागाकारातून ४५० वजा करावेत, उरते ते मेदाचे शेकडा प्रमाण. घनता १.०५ असल्यास उत्तर सुमारे २१.४ येते. हे उदाहरण दशांश अपूर्णांकांच्या सरावासही उपयोगी पडेल.

आपल्याकडील बोध

फुटबॉलपटूंच्या बाबतीत वजन जास्त आणि मेद कमी होता. आपल्या देशात याच्या अगदी उलट प्रकार पुष्कळ आढळतो. २००४ मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचा उंची-वजनाचा अंक एकच, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद शेकडा ९.१ व याज्ञिक यांच्या शरीरात शेकडा २१.२ निघाला.

त्याआधी पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया व त्यांची बालके यांचा अभ्यास सुरू झाला होता. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो आढळले. आपली बालके लहान व कृश होती. त्यांचे स्नायू बेताचे होते. मेदाचा वाटा मात्र त्या मानाने फारसा घटलेला नव्हता. ‘दिसण्यात कृश, घडणीत मेदयुक्त’ असे हे शरीर पुढे आयते अन्न व कमी श्रम मिळताच मधुमेहाकडे झुकू शकते. म्हणूनच भारतीय प्रौढांसाठी अतिवजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ धरतात.

‘बारीक माणसाला साखरेचा आजार कसा होईल?’ हा प्रश्न गावोगाव ऐकू येतो. त्याचे उत्तर येथे आहे. वजनावर विसंबून तपासणी टाळणारा सडपातळ माणूस अनेक वर्षे अंधारात राहतो. आणि तेवढ्या काळात डोळे, मूत्रपिंड व पाय यांची हानी होऊन जाते.

मेद कोठे साचतो?

मांड्या व नितंबांच्या त्वचेखालील मेद त्या मानाने कमी उपद्रवी असतो. पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती व यकृतात साचणारा मेद अधिक घातक असतो. त्यामुळे इन्शुलिनचे कार्य मंदावते, रक्तातील साखर व स्निग्ध द्रव्ये वाढतात आणि हृदयविकारास वाट मिळते. हातपाय बारीक व पोट पुढे आलेले, ही ठेवण म्हणूनच दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

घरगुती माप

मेदाचे अचूक मोजमाप क्ष-किरणांच्या विशेष यंत्राने होते. ते खेड्यात मिळणे कठीण. पण एक सुतळी पुरेशी आहे. आपल्या उंचीएवढी सुतळी घ्यावी, ती मधोमध दुमडावी व श्वास सहज सोडून पोटाभोवती धरावी. दुमडलेली सुतळी पुरली तर ठीक; अपुरी पडली तर पोटावरील मेद वाढल्याचा तो इशारा समजावा. भारतीय पुरुषास ९० व स्त्रीस ८० सेंटिमीटर ही कमरेच्या घेराची मर्यादा सांगितली जाते. ही मापे रोगनिदान नव्हेत. डॉक्टरांकडे केव्हा जावे एवढेच ती सांगतात.

उपाय

केवळ उपास करून वजन घटविले तर मेदाबरोबर स्नायूही झिजतात. काटा खाली येतो, परंतु शक्तीही जाते. उलट, ६० किलो वजनाच्या माणसाने नियमित श्रम व योग्य आहार यांच्या बळावर वर्षभरात ३ किलो मेद घालविला व ३ किलो स्नायू कमावले, तर त्याचे वजन ६० किलोच राहील. मेद मात्र शेकडा ३० वरून २५ वर येईल. ‘काटा हलला नाही’ म्हणून त्याने निराश होऊ नये. भरभर चालणे, सूर्यनमस्कार, बागकाम, ओझे उचलण्याचे श्रम, आहारात डाळ, उसळ, दूध वा अंडी, गोड चहा व तळलेले पदार्थ बेताचे आणि पुरेशी झोप, एवढे पथ्य पुष्कळ आहे.

शिक्षकांस सूचना

१. मुलांचे वजन व उंची नोंदणे सोडू नये. वाढत्या वयात ती नोंद अत्यंत मोलाची आहे व वजन घटत असल्यास तत्काळ लक्ष द्यावे. प्रौढांचे आकडे मुलांना लावू नयेत.

२. वजनाचा आकडा वर्गात मोठ्याने वाचू नये. स्थूल मुलास टोपणनावाने हाक मारणे, त्यास मैदानावर मागे ठेवणे हे प्रकार शिक्षकाने स्वतः करू नयेत व इतरांना करू देऊ नयेत. हिणवलेले मूल खेळणे सोडते आणि ज्या औषधाची त्यास गरज असते तेच त्याच्या हातून जाते.

३. सुतळीचे माप मुलांवर न करता शिक्षकांनी प्रथम स्वतःवर करावे. आपलेही काम बैठे आहे.

स्वाध्याय

१. ५० किलो वजनाच्या स्त्रीच्या शरीरात मेद शेकडा २८ असल्यास तो किती किलो?
२. समान वजनाच्या दोन व्यक्तींचे आरोग्य भिन्न का असू शकते?
३. घरातील मोठ्या माणसांना सुतळीचे माप समजावून सांगा. त्यांची मापे वर्गात सांगू नका. ती त्यांची त्यांनाच कळू द्या.