बर्फाचं पाणी

बयो, काल फोनवर तू रडत होतीस. "सर्दी झालीय" म्हणालीस, पण मी काय तुला आज ओळखते? आईचा व्हिसा वेळेत होईलसं दिसत नाही. सातवा सरत आला. तुझ्या डॉक्टरीणबाई म्हणतात, बाळंत झालीस की दुसऱ्या दिवशी उठ, अंघोळ कर, हवं ते खा. साताऱ्याहून सासूबाई बजावतात, सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. "ताई, आपलं करू की इथलं?" असं विचारलंस तेव्हा मी गप्प बसले, कारण मला ची आठवली.

ची हे तिचं नाव नव्हे. व्हिएतनामी भाषेत थोरल्या बहिणीला ची म्हणतात आणि धाकट्या भावंडाला एम. त्यांच्यात नुसतं 'मी' आणि 'तू' म्हणून फारसं भागत नाही. समोरचा आपला कोण लागतो ते ठरवायचं आणि मगच तोंड उघडायचं. म्हणून पहिल्याच भेटीत तिनं माझं वय विचारलं. मला वाटलं, काय भोचक बाई! तिला फक्त माझी ताई व्हायचं की धाकटी, एवढंच ठरवायचं होतं. मामा, मावशी, आत्या, काका सगळ्यांना त्यांच्याकडे वेगवेगळे शब्द आहेत, अगदी आपल्यासारखे. इंग्रजीत एकदा अंकल-आंटी म्हटलं की सगळे एकाच पोत्यात.

तेव्हा आम्ही सॅन होजेत भाड्यानं राहत होतो, ती खालच्या मजल्यावर. व्हिएतनामबाहेर कुठल्याही एका शहरात नसतील एवढे व्हिएतनामी लोक या गावात आहेत, लाखाच्या वर. माझी लेक झाली त्या दिवशी नर्स भला मोठा पेला घेऊन आली, बर्फानं काठोकाठ भरलेला. तेवढ्यात ची थर्मास घेऊन आत शिरली. तिनं नर्सला हसून "थँक यू" म्हटलं, ती दाराबाहेर जाईपर्यंत थांबली आणि पेला बेसिनमध्ये उपडा केला. मग थर्मासमधलं गरम पाणी ओतून तो जिथल्या तिथे ठेवला. एक अक्षर बोलली नाही.

चीच्या पहिल्या बाळंतपणातही असाच पेला आला होता. सोबत तिची आई होती. आई हादरलीच, या लोकांना माझ्या पोरीला मारायचंय की काय! मेकाँगच्या खोऱ्यातल्या त्यांच्या गावी बाळंतिणीच्या खाटेखाली निखारे ठेवतात. कानात कापूस, डोक्याला फडकं, गार पाण्याला महिनाभर हात नाही, केस धुणं तर नाहीच. ऐकता ऐकता मला हसू फुटलं. अगं, आपली शेकशेगडी! कानाला रुमाल, धुरी, सगळं तेच. फक्त आपण डिंकाचे लाडू नि अळिवाची खीर देतो, त्या दूध यावं म्हणून कच्ची पपई नि डुकराचे पाय घालून सूप करतात. (पपई बाळंत झाल्यावर हं. आधी त्यांच्याकडेही नको म्हणतात.)

आता तिनं काय केलं ते ऐक. नर्स म्हणाली अंघोळ कर. ची आत गेली, नळ सोडला, कोमट पाण्यानं अंग पुसलं आणि बाहेर आली. घरी आल्यावर आईनं खारट, मिरी घातलेल्या सुक्या मांसाचं पथ्य लावलं, भाजी-फळं बंद. आई झोपली की नवरा तिला संत्री सोलून द्यायचा. निखारे मात्र तिनं घरात येऊच दिले नाहीत. बंद खोलीतल्या कोळशाच्या धुरानं बाळ गुदमरेल म्हणाली आणि रबरी पिशवीत गरम पाणी भरून पाठ शेकली. थोडक्यात काय, दोन्ही बाजूंना थोडं थोडं खोटं सांगितलं. मला तिचं हे फार आवडतं. ताप आला किंवा अंगावरून जास्त गेलं, तर डॉक्टरपासून काडीचंही लपवायचं नाही, हे तिनं मला तीनदा बजावलं होतं. तेच मी तुला बजावते.

तुला वाटेल, ही लबाडी. पण या बायका इथे कशा आल्या ते बघ. 30 एप्रिल 1975 ला सायगाव पडलं, तेव्हा पहिली लाट आली. मग बोटींतून जीव मुठीत धरून आलेले. मग 1989 नंतर, तिकडच्या 'पुनर्शिक्षण' छावण्यांत निदान तीन वर्षं काढलेल्यांची कुटुंबं. ची बापाबरोबर आली ती यांतच. कालपर्यंत हुद्द्यावर असलेले पुरुष इथे फरशा पुसायला लागले. बायकांना मात्र काम पटकन मिळालं, इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत सुटे भाग जोडायचं आणि नखं रंगवायचं. नखांची गोष्ट तर सिनेमातलीच. हिचकॉकच्या 'द बर्ड्स'ची नायिका टिपी हेड्रन 1975 मध्ये सॅक्रामेंटोजवळच्या निर्वासितांच्या छावणीत जायची. तिथल्या बायकांना तिची नखं आवडली, म्हणून तिनं आपल्या मॅनिक्युअरवालीला बोलावून वीसेकजणींना ते शिकवलं. आज अमेरिकेत कितीतरी गावी नेल सलूनमध्ये जा, खुर्चीसमोर बहुतेक व्हिएतनामी बाईच बसलेली असेल. चीचं दुकानही नखांचंच.

म्हणजे कमावती झाली बाई. आणि घरची रीत काय? आधी बापाचं ऐक, मग नवऱ्याचं, मग मुलाचं. आपल्याला हे काही नवीन नाही. पण तिकडे बायकोला 'घरातली सेनापती' असंही म्हणतात, आपण गृहमंत्री म्हणतो तसं, आणि पैशाची पेटी तिच्याच हाती असते.

एकदा चीच्या सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला गेले होते. त्यांच्याकडेही ते तिथीनंच असतं, फक्त इथे जवळच्या रविवारी ढकलतात. फोटोपुढे पानं मांडायची, उदबत्त्या लावायच्या, पूर्वजांचं जेवण झालं की मग घरच्यांनी बसायचं. पहाटेपासून राबली ची, आणि पहिली उदबत्ती लावली नवऱ्यानं. मी तिच्या वतीनं चिडले. तर भांडी विसळता विसळता म्हणते, "एम, उदबत्ती त्याची. दुकानाचा करार माझ्या नावावर."

आपल्याला वाटतं, हातात पैसा आला की बाई सगळं जुनं झुगारून देईल. नाझली किब्रिया या समाजशास्त्रज्ञ बाईंनी फिलाडेल्फियातल्या व्हिएतनामी कुटुंबांवर 1993 मध्ये पुस्तक लिहिलं, 'फॅमिली टाइटरोप', म्हणजे आपली तारेवरची कसरत. त्यांना आढळलं ते उलटंच. बायकांनी जुनी चौकट मोडली नाही, कारण पोरांवरचा आईचा हक्क त्याच चौकटीत शाबूत होता.

तो हक्क मी डोळ्यांनी पाहिलाय. चीची लेक सतराची असताना दुकानातच कडाक्याचं भांडण झालं. पोरगी इंग्रजीत तडतडत होती, "यू" काय नि "यू" काय! ची शांतपणे म्हणाली, "हेच आपल्या भाषेत सांग." झालं, पोरीची गाडी अडली. कारण त्या भाषेत आईशी बोलताना स्वतःला 'लेकरू' म्हणायचं आणि तिला 'आई'. 'मी तुझं ऐकणार नाही' याचं होतं 'लेकरू आईचं ऐकणार नाही'. दोनदा सुरुवात केली बिचारीनं, आणि तिसऱ्यांदा स्वतःच फिसकन हसली. अठरा पूर्ण झाल्यावर ती वेगळी राहायला गेलीच, ते काही चीला थोपवता आलं नाही. पण रविवारी जेवायला येते आणि लेकरू म्हणूनच बोलते. तुझ्या पोटातल्या जिवाशी मराठी बोल असं मी म्हणते ना, ते काही मराठी शाळेत बक्षीस मिळवायला नाही गं.

आणि एक. हे सगळं ची एकटीनं करत नव्हती. त्यांची 'हुई' असते, म्हणजे हुबेहूब आपली भिशी. समज, दहाजणी, दरमहा पाचशे डॉलर. ज्या कुणाला घाई असेल ती बोली लावून आधी उचलते, थांबणारीला चार पैसे जास्त मिळतात. दुकानाच्या पहिल्या तीन खुर्च्या तिनं त्यातूनच घेतल्या. कधी एखादी पैसे घेऊन पसार होते, मग रडारड. तरी पुढच्या महिन्यात नवी हुई सुरू. पैशापेक्षा मला त्या दहाजणींचा हेवा वाटायचा. कुणाची सासू आली, कुणाचं पोर आजारी पडलं, दर महिन्याला सगळं एका टेबलावर यायचं.

तर 'आपलं की इथलं' हे आज ठरवू नकोस. सासूबाईंना सांग, "हो, सव्वा महिना." डॉक्टरीणबाईंनाही सांग, "हो, चालेन." आणि मागच्या अंगणात चाल, ते काही उंबऱ्याबाहेर धरत नाहीत.

चीला मी फोन केलाय. सूप ती कोंबडीचं करेल. तुला वास आला तर नाक मुरडू नकोस, आपल्या सुक्या बोंबलांच्या वासानं तिनं कधी मुरडलं नव्हतं. वाटी देईल ती दोन्ही हातांनी देईल, तूही दोन्ही हातांनीच घे. आणि वय विचारलं की खरं सांग.

शनिवारी सकाळी येते मी. डिंक आणि खारीक माझ्याकडे आहे. गूळ तेवढा बघून ठेव.