मेणवलीच्या घंटेवरून वसईच्या चर्चपर्यंत

वसईला जायच्या आधी मेणवली करा. कराडहून साताऱ्यामार्गे वाई गाठा, तिथून मेणवली हाकेच्या अंतरावर. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट उतरलात की देवळाजवळ मोठी घंटा टांगलेली दिसेल. ऊन तिरपं असेल तेव्हा अगदी जवळ जा. बाळ येशूला घेतलेली मारिया धातूतून उठून दिसते. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथून आणलेली ही घंटा. ती पाहून वसईला गेलात तर तिथल्या पडक्या भिंती बोलू लागतात, हे मी अगदी खात्रीने सांगतो.

कराडहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरा. आरक्षण आधीच करून ठेवा. दादरला उतरून पुलावरून पश्चिम रेल्वेच्या बाजूला या आणि विरार लोकल घ्या. बोरिवली लोकलमध्ये चढू नका, ती अलीकडेच थांबते. वसई रोडला पश्चिमेला बाहेर पडून रिक्षाने किल्ला गाठा. पावसाळ्यात आत गवत माजतं, म्हणून डिसेंबर-जानेवारी उत्तम. पाणी, टोपी आणि पायात बूट हवेतच.

किल्ल्यात पडक्या चर्चची उणीव नाही. तुम्ही मात्र गोन्सालो गार्सियांचं चर्च विचारत जा. मूळचं हे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचं. आधी लांब उभं राहून दर्शनी भिंत पुरती नजरेत घ्या, मग दारापाशी येऊन खांबांवरचं कोरीवकाम निरखा. घाई करू नका.

गोन्सालो याच वसईचे. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. लहान वयात ते जेझुइटांबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले, काही काळ व्यापार केला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात गेले आणि दुभाषे म्हणून जपानला परतले. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारलं, त्यांत ते होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. महाराष्ट्रातल्या किती मुलांना हे नाव ठाऊक आहे? शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी ही गोष्ट इथेच उभं राहून सांगावी.

त्या २६ जणांत गोतो बेटांवरचा जॉन नावाचा तरुणही होता. फुकुए बेटावरचं दोझाकीचं लाल विटांचं चर्च (१९०८) याच हुतात्म्यांना वाहिलेलं. जपानला जाणं झालं तर आधी नागासाकीतल्या निशिझाका टेकडीवरचं स्मारक पाहा. २६ पुतळ्यांत आपले गोन्सालो शोधा. मग बंदरावरून फुकुएची बोट घ्या. गोतोतल्या चर्चमध्ये आत फोटो काढत नाहीत, टोपी काढतात आणि हळू बोलतात.

वसईतही तसंच वागा. भिंतींवर चढू नका, दगडावर नाव कोरू नका. परतीची महालक्ष्मी रात्री मुंबईहून सुटते. लोकलची गर्दी गृहीत धरून चारच्या सुमारास किल्ल्यातून निघा.