खोली चुकते तेव्हा

प्रस्तावना

राजकोट, कोईमतूर, कोल्हापूर अशा अनेक शहरांतील यंत्रशाळांतून आज सीएनसी यंत्रे चालताना दिसतात. सीएनसी म्हणजे संगणकाच्या साहाय्याने केलेले अंकीय नियंत्रण. अंकांच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग यंत्र अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने १९५२ साली प्रथम दाखविले. त्या काळी आज्ञा छिद्रे पाडलेल्या पट्टीवरून दिल्या जात. आता त्या संगणकातून दिल्या जातात. साधन बदलले, तरी तत्त्व तेच राहिले. यंत्र अंक पाळते. अंक लिहिणाऱ्याच्या मनातील हेतू त्याला कळत नाही. कापाची खोली का चुकते आणि त्या चुकीचे मूळ कसे शोधावे, याचा विचार या पाठात केला आहे.

पाठ

उभ्या मिलिंग यंत्रात टूल ज्या दिशेने खालीवर होते, तिला झेड अक्ष म्हणतात. जॉबचा वरचा पृष्ठभाग बहुधा शून्य मानला जातो. त्याच्या वरचे अंतर धन आणि धातूच्या आतील अंतर ऋण असते. ५ मिलिमीटर खोलीची खाच हवी असेल, तर आज्ञेत झेड उणे ५.० असे लिहितात. परंतु एवढ्याने भागत नाही. शून्य कोठे आहे, हे यंत्राला वर्क ऑफसेटमधून कळते. टूल किती लांब आहे, हे टूल लेंग्थ ऑफसेटमधून कळते. या तीन अंकांपैकी एक जरी चुकला, तरी खोली चुकते.

समजा, ५ मिलिमीटरची खाच मोजल्यावर ५.२० मिलिमीटर भरली. घाईत असलेला कारागीर आज्ञेतील अंक बदलून ४.८ करतो. पुढचा जॉब बरोबर येतो आणि प्रश्न सुटला असे वाटते. वस्तुतः चूक तशीच राहते, केवळ झाकली जाते. उद्या दुसऱ्या कोणी शून्य अचूक लावले, की तीच खाच ४.८० मिलिमीटर होईल आणि दोष कोठे आहे हे कोणालाच उमगणार नाही.

जाणता कारागीर आधी दुसरे माप घेतो. त्याच जॉबवर निराळ्या टूलने केलेले १० मिलिमीटरचे छिद्रही १०.२० भरले, तर सर्व टूलांना समान असलेला अंक, म्हणजे जॉबचे शून्य, तपासावे. छिद्र बरोबर १० मिलिमीटर असेल, तर संशय पहिल्या टूलच्या लांबीवर जातो. टूलची नोंदलेली लांबी खऱ्या लांबीपेक्षा ०.२० मिलिमीटरने कमी असेल, तर यंत्र टूल तितकेच अधिक खाली नेते.

चुकीचे प्रमाणही कारण सांगते. खोली २५.४ पट कमी वा अधिक होत असेल, तर इंच आणि मिलिमीटर यांची गल्लत झालेली असते. हजारपट फरक दशांशचिन्हाकडे बोट दाखवितो. काही नियंत्रकांवर दशांशचिन्हाविना लिहिलेला ५ हा अंक ५ मायक्रॉन, म्हणजे ०.००५ मिलिमीटर, मानला जातो. उणे २ आणि मग उणे ४ असे दोन टप्प्यांत जायचे असता काप ६ मिलिमीटर खोल गेला, तर यंत्राने प्रत्येक अंतर शून्यापासून न मोजता मागील बिंदूपासून मोजले, असे समजावे.

कधी आज्ञा निर्दोष असते. टूलचे टोक झिजले की काप हळूहळू उथळ होतो. स्पिंडल तापून लांबावला की काप किंचित खोल जातो. प्रत्येक जॉबवर फरक निराळा आला, तर पकड तपासावी. जॉबखाली धातूचा कीस अडकला असेल किंवा टूल पकडीतून सरकत असेल.

खोलीची चूक केवळ जॉब वाया घालवीत नाही. इंचाची गल्लत झाली, तर ५ मिलिमीटरऐवजी १२७ मिलिमीटर खाली जाण्याची आज्ञा मिळते. टूल तुटून उडते आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच नवी आज्ञावली प्रथम जॉबच्या बऱ्याच वर, हवेत चालवून पाहावी. एकेक ओळ थांबून पाहावी. संरक्षक दार बंद ठेवावे. माप घेताना स्पिंडल पूर्ण थांबलेला असावा आणि खाच स्वच्छ केलेली असावी. अंक बदलण्यापूर्वी कारण शोधणे, हीच या कामातील खरी शिस्त होय.

पाठगत प्रश्न

१. आज्ञेतील अंक बदलून ४.८ केल्याने चूक का सुटत नाही?
२. एकाच टूलचा काप चुकतो, इतरांचा बरोबर येतो. प्रथम काय तपासाल?
३. दहा जॉबांत खोली क्रमाक्रमाने कमी होत गेली. संभाव्य कारण सांगा.
४. ‘यंत्र अंक पाळते’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.