घरातली पुडी, दप्तरातली ट्यूब

पावसाळ्याच्या सुरुवातीला एक आई आपल्या नववीतल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. तक्रार साधीच होती. ओठांच्या कडेला व नाकाखाली पुरळ उठले होते, डोके दुखत होते, जेवण कमी झाले होते. दोन मलमे लावून झाली होती. तपासायला वाकलो तेव्हा मुलाच्या शर्टाला सायकलच्या दुकानात येतो तसा वास आला. आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितले आणि मुलाला विचारले, "किती दिवस झाले रे हुंगतोस?" बराच वेळ तो काही बोलला नाही. मग खाली बघून म्हणाला, "दिवाळीपासून." पंक्चर काढण्याचे सोल्यूशन रुमालावर घ्यायचे आणि नाकातोंडाशी धरायचे. ट्यूब दप्तरातच असे.

घरी कोणी आणि कसे सांगायचे, हे मी त्याच्याशीच बोलून ठरवले. संध्याकाळी वडील आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्या घराण्यात असलं कुणी नाही. हे ड्रग्जबिग्ज मुंबई-पुण्याकडचं." बोलता बोलता त्यांनी तळहातावर तंबाखू घेतली, आणि आपण दवाखान्यात आहोत हे ध्यानात येताच ती पुन्हा पुडीत टाकली. ही पुडी रोज टपरीवरून कोण आणते, असे मी विचारले. चौथीपासून मुलगाच आणत होता. उरलेले सुटे पैसे त्याचे. सोल्यूशन शिकवणारी मोठी मुले त्याला त्याच टपरीवर भेटली होती.

अमली पदार्थ म्हटले की पालकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातली पांढरी पावडर येते. आपल्यासारख्या गावात मुलांच्या हाती आधी पडतात त्या वस्तू वेगळ्या. तंबाखूची पुडी, गुटखा (२०१२ पासून राज्यात बंदी असूनही), सोल्यूशन, थिनर, खोकल्याचे औषध, आजीच्या डब्यातल्या झोपेच्या गोळ्या आणि वरातीत कोणीतरी हातात दिलेली बिअर. यातील बहुतेक वस्तू घरात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात असतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीत एक गोष्ट स्पष्ट दिसली. हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा, की त्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा १० ते १७ वयाच्या मुलांत जास्त आहे. मोठ्यांत ०.५८ टक्के, तर मुलांत १.१७ टक्के.

सोल्यूशन किंवा थिनरची वाफ फुप्फुसातून काही सेकंदांत मेंदूत पोहोचते. नशा थोडाच वेळ टिकते, म्हणून मुलगा पुन्हा पुन्हा हुंगतो. मेंदू, मूत्रपिंड व यकृत यांना इजा होते ती हळूहळू. हृदयाचा धोका मात्र पहिल्या दिवसापासून असतो. या वाफेमुळे हृदय फार नाजूक अवस्थेत जाते. अशा वेळी मुलगा एकदम दचकला किंवा जीव घेऊन पळाला, तर ठोके बिघडून जागच्या जागी मृत्यू येऊ शकतो. म्हणून मुलगा हुंगताना सापडला तर मागून ओरडू नका, त्याच्या मागे धावू नका. शांतपणे जवळ जा, वस्तू काढून घ्या, त्याला मोकळ्या हवेत बसवा. रागवायचे ते नंतर.

खोकल्याच्या औषधाबद्दल माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कॉलेजकुमाराला मी कोडीनयुक्त औषध लिहून दिले. तो परत आला तेव्हा घाईत पुन्हा तेच लिहिले, छाती तपासलीही नाही. तिसऱ्या वेळी त्याचे पेंगुळलेले डोळे पाहून शंका आली. खोकला केव्हाच गेला होता. कोडीन हे अफूच्याच कुळातले. कोडीन तसेच अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम यांसारख्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत व दुकानदाराला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. हा नियम २०१४ पासून आहे. पण माझ्यासारखा डॉक्टरच चिठ्ठी देत गेला तर नियम काय करणार? घरात अशी औषधे असतील तर कुलपात ठेवा, आणि आठवड्यातून एकदा गोळ्या मोजा.

दारूच्या बाबतीत शिकलेले पालकही एक गोष्ट हमखास म्हणतात : "बाहेर चोरून पिण्यापेक्षा आमच्यासमोर घोटभर घेतलेली बरी." हे मला पटत नाही, आणि वैद्यकीय अनुभवही याच्या बाजूने नाही. घरून मिळालेल्या दारूने मूल संयम शिकत नाही, त्याची भीड मात्र मोडते. सुरुवात जितक्या लहान वयात, तितकी पुढे व्यसन जडण्याची शक्यता जास्त. मेंदूतला 'थांब' म्हणणारा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ व इतर दारूसाठी २५ वर्षे वयाची अट आहे. वरातीत चौदा वर्षांच्या पुतण्याला ग्लास देणारे काका कौतुकाने हसतात. मुलाला दारू किंवा तंबाखू देणे हा २०१५ च्या बालन्याय कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, हे त्यांच्या गावीही नसते.

मग पालकांनी करायचे काय? पहिले म्हणजे मुलांना पुडी, सिगारेट, बाटली आणायला पाठवणे आजच बंद करा. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकायला कायद्याने मनाईच आहे, पण दुकानदार "वडिलांसाठी आहे" म्हटल्यावर देतो. दुसरे, या विषयावर मूल दहा-अकरा वर्षांचे असतानाच बोला. दहावीत गेल्यावर व्याख्यान देऊन उपयोग नसतो. बोलणेही लांबलचक नको. स्कूटरवरून जाताना, शेंगा सोलताना दोन वाक्ये पुरतात. मित्रांपुढे "नको" म्हणणे मुलांना फार जड जाते. त्यासाठी त्यांना तुमचे नाव वापरू द्या. "माझे वडील रोज तोंडाचा वास घेतात," असे सांगून मुलाची सुटका होत असेल तर तुम्ही खडूस ठरलात तरी चालेल. मुलींच्या आयांनीही हे आपल्यासाठी नाही असे समजू नये.

एकदम पैसे लागू लागणे, मित्र बदलणे, बाथरूममध्ये फार वेळ घालवणे, अवेळी झोप, कपड्यांना रसायनाचा वास, दप्तरात फडके किंवा रिकामी ट्यूब... यातल्या एखाद्या खुणेवरून लगेच आरोप करू नये, कारण या वयात मुले तशीही चिडचिडी असतात. दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर मात्र डोळेझाक नको.

मूल नशेत घरी आले तर त्या रात्री चौकशी करू नका. ते आपले ऐकण्याच्या स्थितीत नसते. दारू प्यालेले मूल हाक मारून नीट जागे होत नसेल तर त्याला कुशीवर वळवा, ओकारी काढायला लावू नका, कॉफी किंवा लिंबूपाणी पाजू नका, आणि ताबडतोब रुग्णालयात न्या. लहान वयात दारूने रक्तातली साखर घसरते व श्वास मंदावतो. झोपून उतरेल म्हणून थांबणे जिवावर बेतू शकते. तसेच "खोलीत कोंडा, चार दिवसांत सुटेल" हा घरगुती उपायही करू नये. रोज झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याच्या गोळ्या अचानक तोडल्या तर आकडी येते. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवत न्याव्या लागतात.

मारून व्यसन सुटल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मारल्यावर मुलगा घराबाहेर जास्त वेळ काढू लागतो, एवढे नक्की पाहिले आहे. आपल्या डॉक्टरांशी बोला, जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. फोनवर सल्ला हवा असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, तेथे मराठीतून बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. दोन्ही निःशुल्क आहेत.

तो नववीतला मुलगा आता दर पंधरा दिवसांनी येतो. पुरळ गेले आहे, जेवण सुधारले आहे. मध्ये एकदा त्याने पुन्हा रुमाल धरला होता, आणि ते त्याने आपणहून सांगितले. वडिलांची तंबाखू अजून सुटलेली नाही. ती आणायला मात्र ते स्वतः जातात.