रिझर्व्ह बँक आणि व्याजाचा दर

वर्षांतून पांच-सहा वेळां वर्तमानपत्रांत एक वार्ता ठळक अक्षरांत येते : रिझर्व्ह बँकेनें व्याजाचा दर वाढविला, उतरविला अथवा आहे तसाच ठेविला. वडील मंडळी ती लक्षपूर्वक वाचतात; विद्यार्थी मात्र पान उलटतात. परंतु घराच्या कर्जाचा हप्ता व आजोबांच्या ठेवीचें व्याज हीं दोन्ही ज्या वार्तेवर अवलंबून, ती मुलांसही समजावी, म्हणून आम्हीं हा विषय घेतला आहे.

ही बँक १९३५ सालीं स्थापन झाली. तिची मुख्य कचेरी प्रथम कलकत्त्यास होती. ती १९३७ सालीं मुंबईस आली. १९४३ सालीं चिंतामणराव देशमुख हे तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४९ सालीं ती राष्ट्राच्या मालकीची झाली. ती सामान्य बँकांची बँक आहे. देशांतील पैसा व पत यांचें नियमन हें तिचें कर्तव्य होय.

या कामीं तिचीं मुख्य साधनें तीन. पहिलें रेपो दर. सरकारी रोख्यांच्या तारणावर ती बँकांना थोड्या मुदतीचें कर्ज देते, त्याचा हा दर. तो चढला म्हणजे बँकाही आपलीं कर्जें महाग करितात. दुसरें रोख राखीव प्रमाण. तें शेंकडा ४ असल्यास, १०० रुपयांच्या ठेवीपैकीं ४ रुपये बँकेस रिझर्व्ह बँकेपाशीं ठेवावे लागतात. तेवढे कर्जाऊ देतां येत नाहींत. तिसरें साधन रोख्यांची खरेदी-विक्री. रोखे विकले कीं बाजारांतील पैसा आंत येतो. घेतले कीं तो बाहेर जातो.

आतां प्रत्यक्ष उदाहरण पाहूं. २०२० सालीं साथीमुळें व्यवहार थंडावले, तेव्हां बँकेनें रेपो दर ५.१५ वरून मे महिन्यापर्यंत ४ वर आणिला, आणि राखीव प्रमाण ४ वरून ३ केलें. हेतु हा कीं, कर्ज स्वस्त होऊन उद्योग तगावे. पुढें २०२२ सालीं युक्रेनमधील युद्धानें तेल व धान्य महागलें. एप्रिलमध्यें आपल्याकडील महागाई शेंकडा ७.८ च्या घरांत गेली. १९३४ च्या कायद्यांत २०१६ सालीं झालेल्या दुरुस्तीनें महागाईचें लक्ष्य ठरविण्याची सोय झाली होती. तें लक्ष्य शेंकडा ४ असून २ ते ६ ही मर्यादा होती. म्हणून मे २०२२ पासून दर चढूं लागला, तो फेब्रुवारी २०२३ मध्यें ६.५० झाला.

या साधनांस सीमाही आहेत. व्याज वाढविल्यानें पाऊस पडत नाहीं कीं कांद्याचें पीक येत नाहीं. जो शेतकरी सावकाराच्या दारीं जातो, त्याच्यापर्यंत हा दर क्वचितच पोहोंचतो. शिवाय परिणाम दिसण्यास कित्येक महिने लागतात.

मग हप्ता भरणाऱ्यास त्रास देऊन दर कां वाढवावा? कारण महागाईचा खरा भार ज्याची मजुरी वाढत नाहीं त्या गरिबावर पडतो. त्याच्यापाशीं ना ठेव, ना घर. हातांतील नाण्याची किंमत हीच त्याची सारी मिळकत. ती राखणें हें या धोरणाचें प्रयोजन, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें, आणि पुढील वेळीं ती वार्ता वडिलांबरोबर बसून वाचावी.