मदतीस धावणाऱ्याला अभय

अपराध्यास शासन करणे हे कायद्याचे कर्तव्य होय, असे आपण नागरिकशास्त्रात शिकतो. परंतु शासनाच्या भयानेच एखाद्याचा प्राण जात असेल, तर कायद्याने काय करावे? या प्रश्नाचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

हेरॉइनसारख्या अफूजन्य द्रव्याची मात्रा अतिरिक्त झाली, की श्वसन मंदावते व अखेर थांबते. प्राणवायूवाचून मेंदूस अवघ्या काही मिनिटांत इजा पोहोचू लागते. नॅलोक्सोन हे औषध वेळेवर मिळाल्यास श्वास पुन्हा सुरू होऊ शकतो. म्हणजे येथे खरा वैरी विलंब होय. आणि विलंबाच्या मुळाशी पुष्कळदा भय असते. सोबत्याजवळही तेच द्रव्य असते. रुग्णवाहिकेमागोमाग पोलीस येतील, या धास्तीने तो गप्प राहतो किंवा पळ काढतो.

हे ओळखून अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याने २००७ साली अशा प्रसंगी मदत मागणाऱ्यास संरक्षण देणारा कायदा केला. २०१७ साली कॅनडाने तो देशभर केला. तेथे मदत मागणारा, घटनास्थळी असलेला आणि स्वतः रुग्ण, यांपैकी कोणावरही केवळ स्वतःजवळ द्रव्य बाळगल्याचा आरोप ठेवता येत नाही.

याने व्यसनास मोकळे रान मिळेल, अशी शंका कोणी घेईल. परंतु हे अभय मर्यादित आहे. द्रव्याचा व्यापार करणाऱ्यास ते नाही, आणि आधीचे अटकेचे वॉरंटही त्याने टळत नाही. शिवाय, जो जगला तोच सुधारू शकतो.

आपल्या देशातही हे तत्त्व अपरिचित नाही. पोलिसी सोपस्कारांसाठी न थांबता जखमीवर उपचार करणे हे डॉक्टरांचे कर्तव्य होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात दिला. अपघातग्रस्तास साहाय्य करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण मिळाले. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ अन्वये, अल्प प्रमाणातील अपराधाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने शासनमान्य संस्थेत उपचार घेईल, तर त्यास खटल्यापासून मुक्तता मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ती काढून घेता येते. मात्र त्या कलमात मदतीस बोलावणाऱ्या सोबत्याचा उल्लेख नाही. ही उणीव विचार करण्याजोगी आहे.

विद्यार्थिमित्रांनो, कायदा भय घालतो तसा अभयही देऊ शकतो. कोणी बेशुद्ध पडलेला दिसल्यास कारणाची चिकित्सा मागाहून करावी. प्रथम १०८ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे आणि मदत येईपर्यंत त्याला एकटे सोडू नये.